पॅडच्या मशीनची जबानी

मी एक पांढरा पत्र्याचा डबा बोलतोय. माझं पूर्ण नाव सॅनिटरी नॅपकीन वेंडिंग मशीन. बटण दाबलं की पॅड खाली पडतं, पैसे लागत नाहीत, एवढंच माझं काम. माझं नाव माझ्यासमोर आजवर कुणी धड घेतलं नाही, म्हणून सुरुवातीलाच मी घेऊन टाकलं. शाळेत मला 'ते' म्हणायचे. 'ते चालू आहे का?' 'ते पुसलंस का?' जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या, तसं अख्ख्या शाळेनं माझं नाव टाळलं.

माझा जन्म शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका शेडमधला. माझ्या पोटातल्या वायरी जोडल्या झुंबरबाई नावाच्या मावशींनी. जोडून झाल्यावर त्यांनी माझं बटण पन्नास वेळा दाबून बघितलं. एकदाही पॅड अडकलं नाही. मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या टायमाला हे असतं तर मी धाव्वी झाली असती बघ."

शेजारीण म्हणाली, "आणि काय केलं असतंस धाव्वी हून?"

"काय न्हाय. पण झाली असती की."

एवढं ऐकून मी ट्रकमध्ये चढलो. आपण फार मोठ्या कामाला निघालोय असं मला वाटलं. पत्र्याला अक्कल किती असणार?

वडगावजवळच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये मला उतरवलं. भिंतीवर बसवायला गावातल्या ट्रॅक्टर गॅरेजमधून ऋतुराज आला, कारण ड्रिल त्याच्याकडंच होतं. वीसेक वर्षांचा, हाताला कायम ग्रीस. याच शाळेतून आठवीत बाहेर पडलेला. त्याची बहीण अनुजा इथंच नववीत होती.

मला खांद्यावर घेऊन तो सरळ मुलींच्या संडासाकडं निघाला. हेडसरांनी हाक मारली.

"ए, तिकडं कुठं? इथं लाव. ऑफिसच्या दारात."

"सर, पोरींच्या संडासात न्हाय का लावायचं?"

"तिथं कोण बघणार? साहेब तपासणीला आले तर त्यांना काय संडासात नेऊ?"

ऋतुराजला ते पटलं नाही, पण हेडसरांपुढं त्याचं आठवीतही काही चाललं नव्हतं. त्यानं मला ऑफिसच्या दाराशी, नोटीस बोर्डाखाली ठोकलं. समोर शिक्षकांची खोली, डावीकडं मुलांचा पाण्याचा नळ. चार बोल्ट त्यानं जीव लावून आवळले आणि मला हलवून बघितलं. "आता हत्ती आणला तरी निघायचं न्हाय," म्हणाला.

उद्घाटनाला मांडव होता. संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह दादा आले. माझ्या कपाळावर त्यांच्या फोटोचं स्टिकर होतं, परातीएवढं. बटण त्याच्या खाली, दादांच्या शर्टाच्या गुंडीएवढं. दादा भाषणात म्हणाले, "आपल्या भगिनींची जी काही एक विशिष्ट अडचण असते, म्हणजे महिन्याला, ती जी काही असते…" आणि पाणी प्यायले. टाळ्या पडल्या.

मग त्यांनी बटण दाबलं. पॅड पडलं. दादांनी ते उचललं आणि आता याचं करायचं काय हे त्यांना कळेना. फोटोवाला म्हणाला, "दादा, जरा वर धरा की." दादांनी ते घाईनं हेडसरांकडं दिलं. हेडसरांनी गुंडू शिपायाकडं. गुंडूनं इकडंतिकडं बघितलं आणि ओवाळणीच्या ताटात, नारळाशेजारी ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात ते पेढ्यांच्या पुड्यासारखं दिसत होतं.

मुली आल्या नाहीत. कशा येतील? माझ्यासमोर उभं राहायचं म्हणजे एका बाजूनं हेडसर, दुसऱ्या बाजूनं गणिताचे सर आणि नळावर आठवीची पोरं. पोरं मात्र आली. त्यांनी माझं बटण दाबून दाबून पॅड काढली. एकानं फळा पुसला. दोघांनी कबड्डी खेळताना गुडघ्याला बांधली. मला त्यांचा राग आला नाही. निदान कुणीतरी काहीतरी उपयोग करत होतं.

राग गुंडूला आला, कारण कचरा त्यालाच उचलावा लागे.

खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्याराची, यंत्राची पूजा होते. गुंडूनं शाळेची घंटा पुसली, पाण्याची मोटर पुसली, झेरॉक्सचं मशीन पुसलं आणि मलाही पुसलं. झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं. आणि मग त्याला एक युक्ती सुचली. जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकू नयेत म्हणून देवाच्या फरश्या बसवतात ना, तसं त्यानं अंबाबाईचा एक फोटो आणून माझ्या छातीवर, बटणाच्या अगदी वर, डिंकानं चिकटवला.

"आता लावा म्हणावं हात," गुंडू म्हणाला.

पोरांनी हात लावणं बंद केलं. गुंडूचं काम झालं. पण आता माझी गंमत बघा. ज्या चार दिवसांत मुलीला माझी गरज, त्याच चार दिवसांत तिला देवाला शिवायची बंदी. बाकीचे सव्वीस दिवस ती मला खुशाल शिवू शकत होती, तेव्हा तिला माझं काही काम नव्हतं. एवढी पक्की सोय कुठल्या कंपनीला जमली नसती. आमच्या गुंडूनं ती डिंकाच्या एका बाटलीत केली.

देवीनं कधी तक्रार केली नाही. तीही माझ्यासारखीच तिथं चिकटून पडली होती.

संयोगिता मॅडमच्या हे लक्षात आलं. त्या हेडसरांना म्हणाल्या, "सर, तो फोटो तिथून काढायला पाहिजे."

"मॅडम, लावलेला देव काढायचा कुणी? तुम्ही काढता?"

मॅडम माझ्याजवळ आल्या. हात वर केला आणि तसाच खाली घेतला. "आज नको," हळूच म्हणाल्या, "सोमवारी काढते." सोमवारी त्यांना ट्रेनिंगला जावं लागलं. त्यानंतर सहामाहीचे पेपर आले. मॅडम बीएस्सी आहेत, विज्ञान शिकवतात. प्रजननसंस्थेचा धडा मुलांना घरून वाचून यायला सांगतात.

आता अनुजाचं सांगतो. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं तेवढंच आहे.

ती पळायची. सकाळी सातला, शाळा भरायच्या आधी, मैदानाला फेऱ्या मारायची. तिला पोलिसात भरती व्हायचं होतं. ऋतुराजनं तिला निळे बूट घेऊन दिले होते. ते धुळीत मळू नयेत म्हणून ती मैदानापर्यंत अनवाणी यायची आणि तिथं बूट घालायची. मग धूळ त्यांना लागायची ती लागायचीच. पळून झालं की नळावर पाणी प्यायची आणि जाता जाता माझ्यापुढं हात जोडायची. मला नव्हे, फोटोला.

"आई अंबाबाई, तालुक्याला निवड हूं दे."

निवड डिसेंबरात होती. पंधराशे मीटर, दुपारी तीनला, शाळेच्याच मैदानावर. तालुक्याहून सर येणार होते.

त्याच दिवशी बाराच्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेला स्वेटर बांधलेला. बरोबर तिची मैत्रीण तेजस्वी.

"घे की गं. कोण बघतंय?"

"फोटो हाय त्येच्यावर."

"मग? फोटोला कुठं हात लावायचाय? बटण दाब खालचं."

"एकच झालं की ते. आई काय म्हणती ठावं हाय न्हवं? आणि आज निवड हाय. आजच इटाळ केला आणि काय इपरीत झालं म्हंजे?"

"मग हो बाजूला, मी दाबती."

तेजस्वीनं हात पुढं केला. तेवढ्यात हेडसर डबा खाऊन हात धुवायला बाहेर आले. "काय गं, काय पाहिजे?" त्यांनी साधंच विचारलं. दोघींनी एकदम सांगितलं, "काय न्हाय सर."

हेडसर नळाकडं गेले. अनुजानं घड्याळ बघितलं.

"घरला जाऊन येती. पळत गेलं तर पंधरा मिनटांचं काम. पाय बी मोकळं हुतील."

माझ्या पोटात बावीस पॅड होती. तिच्यापासून हातभर अंतरावर. मी पत्र्याचा डबा. मला बटण आहे, तोंड नाही. आज बोलतोय, पण त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं.

ती फाटकातून पळत गेली. उसाचे दिवस होते. रस्त्यावर एकामागं एक ट्रॉल्या, कारखान्याकडं निघालेल्या, टेपरेकॉर्डर मोठ्यानं लावलेले. वळणावर दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर वळला. पहिली ट्रॉली तिला चुकली. दुसरी चुकली नाही.

तीनला मैदानावर शिट्टी वाजली नाही. तालुक्याहून आलेले सर चहा न घेताच परत गेले.

शोकसभा माझ्यासमोरच झाली. विजयसिंह दादा वाहतुकीच्या नियमांवर बोलले. हेडसरांनी वळणावर 'सावकाश जा' असा फलक लावायची मागणी केली. ती मंजूर झाली आणि फलक लागलासुद्धा, त्यावर दादांचा फोटो आहे. पण शाळेच्या वेळेत एक मुलगी रस्त्यावर काय करत होती, हे कुणी विचारलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा हेडसर म्हणाले, "घरगुती काम असेल काहीतरी." संयोगिता मॅडम रुमालात तोंड घालून बसल्या होत्या. समोरच्या खोलीतून त्यांनी दोघींना माझ्यापुढून परत फिरताना बघितलं होतं, त्यांना माहीत होतं. गुंडूला माहीत होतं. उदबत्ती त्यानं तिच्या फोटोला लावली आणि सवयीनं उरलेली माझ्या फोटोला लावली.

तिच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तेजस्वीनं गॅरेजवर जाऊन ऋतुराजला सांगितलं. हे मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं, कारण तो तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत व्हरांड्यात आला.

"पॅड आणाय घरला निघालती. माझी बहीण पॅड आणाय घरला निघालती. आणि मशीन हितं हाय. मीच बसीवलंय. ह्या हातानं बसीवलंय."

हातात मोठा पान्हा होता. वर्गांची दारं भरली पोरांनी. गुंडू पुढं धावला आणि त्याच्या तोंडून काय निघालं असेल?

"आरं, चपला तरी काढ. देव हाय तिथं."

ऋतुराज थांबला. त्यानं खरोखरच चपला काढल्या. पान्हा खाली ठेवला, हात शर्टाला पुसले आणि नखानं हळूहळू, एक कोपरा न फाडता, फोटो सोडवला. आत जाऊन हेडसरांच्या टेबलावर ठेवला.

"ह्यो घ्या. हितं ठेवा. तुमच्यावर लक्ष ठेवाय लावा."

मग बाहेर आला आणि पान्हा उचलून माझ्या तोंडावर हाणला. दादांचं स्टिकर फाटलं, दार वाकलं, कुलूप उडालं. मला लागलं नाही असं म्हणत नाही. पण दार उघडल्यावर, शेडमधून निघाल्यापासून पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. मग खाली बसून त्यानं चारही बोल्ट सोडवले. हत्ती लागला नाही. मला खांद्यावर घेऊन तो तिकडंच निघाला, जिकडं पहिल्या दिवशी निघाला होता.

संडासाच्या दारापर्यंत पोचायच्या आत हेडसरांनी फोन लावला होता. संस्थेच्या मालमत्तेची नासधूस. पोलीस आले. पंचनामा लिहिणारे हवालदार पिराजी यांनी विचारलं, "काय चीज हाय ही?" हेडसर गुंडूकडं बघायला लागले. गुंडू झाडाकडं. शेवटी पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'पांढऱ्या रंगाचा पत्र्याचा एक डबा, आतील नग बावीस.' कागदावरही माझं नाव कुणाच्यानं घेववलं नाही.

सध्या मी पोलीस ठाण्यात आहे, मुद्देमाल म्हणून. माझ्या एका बाजूला चोरीची मोटरसायकल, दुसऱ्या बाजूला दारूचे कॅन. ऋतुराजला आठवड्याला हजेरी लावावी लागते. तो माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसतो. आम्ही एकमेकांकडं बघत नाही.

परवा तो असाच बसला होता. सौंदर्या नावाच्या पोलीस ताई, भरती होऊन वर्षच झालंय, सकाळपासून बंदोबस्त करून आल्या. खुर्चीवरून उठल्या, परत बसल्या, पिशवी चाचपली. मग माझ्याकडं आल्या. दार वाकडंच होतं. त्यांनी आत हात घातला.

"ओ मॅडम," पिराजी म्हणाले, "मुद्देमालाला हात लावायचा न्हाय. बावीस नग लिवल्यात."

ताईंचा हात तिथंच थांबला. मला वाटलं, झालं. इथंही एक फोटो आहे म्हणायचा, फक्त दिसत नाही.

बाकड्यावरून ऋतुराज पहिल्यांदा बोलला. मान वर न करता.

"घ्या की ताई. त्येच्यासाठीच हाय ते."

ताईंनी त्याच्याकडं बघितलं. मग पिराजींकडं. "लिवा की मग, एक कमी झालं म्हणून," म्हणाल्या आणि पॅड घेऊन ताठ मानेनं निघून गेल्या. पिराजींनी पेन उचललं, ठेवलं आणि मोटरसायकलवरची धूळ पुसायला लागले.

लोकहो, खटला संपला की मला शाळेत परत न्या. बोल्ट ऋतुराजकडंच आहेत, त्यानं टाकलेले नाहीत. हार नको, नारळ नको, भाषण तर नकोच. मुलींच्या संडासात टांगा, आणि कपाळ कोरं ठेवा.

आता माझ्या पोटात एकवीस आहेत. त्या दुपारीही एकवीसच उरायला हवी होती.