गवराबाईच्या दारातली दवंडी

पौषातल्या एका सकाळी गवराबाई पदर खोचून स्वतःच्याच ओसरीची कौलं उतरवत होती. शेजारची ताजुन्निसा पाण्याची कळशी घेऊन चालली होती, ती थबकली.

"अगं मावशी, भर थंडीत छप्पर उघडं करतीस व्हय?"

"बाळाजी मंगळुरी कौलं घालनार हाय. तवर ही जुनी उतरवते."

ताजुन्निसा कळशी सावरून पुढे निघाली. गवराबाईचा लेक बाळाजी पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागल्यापासून आईकडे फिरकला नव्हता, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

चाकणच्या वाटेवरच्या या गावाचं नाव मी सांगत नाही. ज्याचं त्याने ओळखावं. तिथे घरपट्टी छपराखालच्या खणांवर, म्हणजे दोन खांबांमधल्या जागांवर, बसे. छप्पर गेलं की तेवढी पट्टी कमी. गवराबाईचा नवरा लढाईत पडला होता. त्याच्या पेन्शनीत तिचं मीठमिरची कसंबसं भागे, पट्टी भागत नसे. गेल्या साली तिने गोठा उघडा केला, यंदा ओसरी. चुलीपुरता एक खण उरला होता आणि पट्टी थकली तर तोही जप्त होणार होता.

नुसत्या पेन्शनीवर जगणाऱ्या निराधारांना पट्टी माफ होती, नाही असं नाही. पण गावाचा दंडक मोठा नामी! माफी घेणाऱ्याच्या दारात डफ वाजवून दवंडी द्यायची की ह्याला पोसणारं कुणी नाही, म्हणून गावाने पट्टी सोडली. लबाडांना आळा बसावा, असा पंचांचा हेतू. लबाडांना कसली आलीय लाज? मानी माणसं मात्र आपल्या हाताने घरं मोडू लागली, आणि याला गाव न्याय म्हणे.

उघड्या ओसरीतून वारा थेट चुलीपाशी येई. माघात गवराबाईला ताप भरला. ताजुन्निसा पेज घेऊन आली.

"मावशी, माफी माग. न्हाई तर ह्यो खण बी जाईल."

"आन् दवंडीत काय वरडतील? कुनी न्हाई? माझा बाळ्या जित्ता हाय गं. जित्त्या लेकराला न्हाई कसं म्हनू?"

ती पुष्कळ वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "जा. सांग सरपंचाला."

दवंडीच्या दिवशी बघायला अर्धं गाव जमलं. सरपंचही आले. गवराबाई ताजुन्निसाचा हात धरून उंबऱ्यात उभी राहिली. भैरू दवंडीवाल्याने डफावर थाप मारली.

"ऐका हो ऐका! गवराबाईला पोसनारं कुनी..."

"थांब भैरू!" म्हातारी उंबऱ्यातून पुढे झाली. "खोटं वरडू नगंस. लेक हाय म्हन. पिंपरीला हाय, धडधाकट हाय, पगार घेतो. आयेला पोशीत न्हाई, असं वरड. बाळाजीचं नाव घिऊन वरड."

"आवं, अशी कुठं रीत हाय का?" सरपंच कावरेबावरे झाले.

"माझ्या नावाची दवंडी चालते, मग त्याच्या का न्हाई?"

भैरूने पुन्हा डफावर थाप मारली. मग तो जसंच्या तसं ओरडला. गर्दीतले कितीतरी कर्ते मुलगे हळूच काढता पाय घेऊ लागले.

पुढच्या बैठकीत पंचांनी दवंडीची रीत एकमताने मोडली. म्हातारीच्या नावाची त्यांना कधी लाज वाटली नव्हती, स्वतःच्या नावाची वाटली! तेव्हापासून माफी मुकाट मिळू लागली.

गवराबाईचा खण वाचला. दवंडीची बातमी पिंपरीपर्यंत गेली, पण बाळाजी आला नाही. आता ती संध्याकाळी उघड्या ओसरीत एकटी बसते. पूर्वी 'बाळाजी कौलं घालनार हाय' असं सांगताना तिला घटकाभर तरी ते खरं वाटे. आता तेवढाही आधार राहिला नाही.

वाचकहो, अशी उघडी ओसरी तुमच्याही गावात असेल. कौलं कुठे गेली, असं तिथल्या म्हातारीला विचारू नका. तिच्या लेकाचा पत्ता काढा आणि त्याच्या दारात जाऊन उभे राहा.