बावीस नंबरचा लॉकर

मी लॉकर बोलतोय. बँकेतला नव्हे, गैरसमज नको. सोनंनाणं, घराचे कागद, आईच्या पाटल्या असलं काही माझ्या पोटात कधी आलं नाही. मी साधा पत्र्याचा, पुरुषभर उंच आणि हातभर रुंद. अंगावर हिरवा रंग, त्याखाली करडा. दाराला वरच्या बाजूला तीन चिरा आहेत, हवा खेळती राहावी म्हणून पाडलेल्या. त्यांतून जेवढं दिसतं तेवढंच माझं जग. माझा नंबर बावीस.

माझी पहिली तीस वर्षं कॅनडातल्या विनिपेग शहरात, एका शाळेत गेली. दरवर्षी नवा धनी. हॉकीचे ओले बूट, अर्धं खाल्लेलं सँडविच, नापास झाल्याचा दडवून ठेवलेला कागद, सगळं माझ्यात कोंबायचे आणि लाथेनं दार लावायचे. त्या पोरांना घरी स्वतःची खोली होती, कपाट होतं. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. मग शाळा बंद पडली आणि आम्हा सगळ्यांना मागच्या आवारात नेऊन उभं केलं. दोन हिवाळे मी बर्फात काढले. वाऱ्यानं माझं दार आपटायचं, तोच काय तो आवाज.

तिथून आम्हाला उचललं नॉर्थ एंडच्या लोकांनी. त्या वस्तीत एका चर्चच्या तळघरात त्यांनी बेघर तरुण पोरापोरींसाठी दिवसा टेकायची जागा सुरू केली होती. कुणी गॅरेजच्या दाराचा उरलेला हिरवा रंग दिला, हार्डवेअरवाल्यानं कुलपं दिली. कोपऱ्यावरच्या फिलिपिनो बेकरीतून रोज पाव यायचे. दर बुधवारी चर्चमधल्या युक्रेनी बायका पेरोगी करायच्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्याच म्हणा.

त्या बायकांची म्होरकी हालिना. चाळीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, आवाज भोंग्यासारखा. तिच्या भाषेत आजीला ‘बाबा’ म्हणतात. त्यामुळे सगळी पोरं तिला बाबा म्हणायची आणि एकेरीत बोलायची. लॉकरचा कारभार तिच्याकडे होता.

इथं आल्यावर मला कळलं की शाळेत असताना मला काहीच कळलं नव्हतं. ज्याला घर नाही त्याला सगळं घर खांद्यावर घेऊन हिंडावं लागतं. पिशवी खाली ठेवली की गेली. अशा माणसाला एक दार मिळालं आणि त्याची किल्ली गळ्यात आली, की त्याचे खांदे दोन बोटं वर येतात. मी पाहिलंय.

माझी किल्ली मिळाली रोशेल डुशार्मला. ती आली तेव्हा तिच्या हातांत कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्या होत्या. सरकारनं नेमून दिलेल्या परक्या घरांत ती लहानाची मोठी झालेली. अठरा पूर्ण झाली आणि शेवटच्या घरानं याच पिशव्यांत सामान भरून दिलं. तळघर बंद झालं की रात्री उशिरापर्यंत ती उबेसाठी शहराच्या बसमधून फिरायची.

“कचरा आणलास का गं?” हालिना बाबानं विचारलं.

“इस्टेट आहे माझी,” रोशेल म्हणाली. “बेताची आहे, पण कर्ज नाही.”

बाबा अशी हसली, की त्या दिवसापासून दोघींची गट्टीच जमली.

तिनं माझ्यात कपड्यांचा एक जोड ठेवला, जन्मदाखल्याची फाईल ठेवली आणि सगळ्यांत आत, स्वेटरमध्ये गुंडाळून, केस कापायचं मशीन. तिच्या हातात कला होती. तळघरात माझ्या समोरच खुर्ची मांडून ती बाकीच्यांचे केस कापायची. खुर्चीत बसणारा रडकुंडीला आलेला असो की भांडून आलेला, तिचा हात डोक्यावर पडला की शांत व्हायचा. संध्याकाळी मशीन पुसून, पुन्हा गुंडाळून ती माझ्यात ठेवायची आणि कुलूप दोनदा ओढून बघायची. इतक्या मायेनं मला आजवर कुणी बंद केलं नव्हतं.

नोव्हेंबरात तिला तेओ नावाच्या न्हाव्याच्या सलूनमध्ये काम लागलं. केर काढायचा, टॉवेल धुवायचे आणि शनिवारी लहान मुलांचे केस कापायचे. मामाकडे राहते, असं तिनं तेओला सांगितलं होतं. रोज सकाळी माझ्या दाराआड आरसा धरून ती केस नीट करायची, ती तयारी बघण्यासारखी असायची.

त्याच सुमारास आमच्या जागेचा प्रमुख वॉरन एक दिवस बाबाला म्हणाला, “यंदा मदत मागताना लोकांना चेहरा दाखवला पाहिजे. नुसत्या शब्दांनी कुणाचं मन हलत नाही.”

वॉरन वाईट माणूस नव्हता. हिवाळा तोंडावर आलेला, जागा तापवायची कशी ही चिंता त्यालाच होती. बाबालाही त्याचं म्हणणं पटलं. दुपारी रोशेल कुणाचे तरी केस कापत होती. बाबानं फोन काढला.

“रोशेल, वर बघ. फोटो काढते.”

“काढ. पण माझं नाक मोठं येतं, आधीच सांगून ठेवते.”

“मोठं असेल तर मोठंच येणार. फोनला काय नावं ठेवतेस?”

फोटो निघाला. तिच्या मागे मीही आलो असणार. फोटो कशासाठी हे तिनं विचारलं नाही, आणि बाबाला सांगायचं सुचलं नाही. एवढंच झालं.

जानेवारीतल्या एका दुपारी रोशेल आली ती टोपीसुद्धा न काढता थेट माझ्यापाशी. दार उघडलं आणि डोकं आत घालून उभी राहिली. तिचा श्वास माझ्या पत्र्यावर आदळत होता. बाबा पिठाच्या हातांनी धावत आली.

“काय झालं गं?”

“प्रत्येक बसथांब्यावर मी आहे,” रोशेल माझ्या आतच बोलली. “‘रोशेलला घर नाही. तिला थंडीत सोडाल का?’ खाली एवढं मोठं नाक.”

“अगं, लोकांनी मदत करावी म्हणून…”

“तेओच्या दुकानात एका गिऱ्हाईकानं मला ओळखलं. तेओ रागावला नाही गं. माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाला, ‘पोरी, झोपतेस तरी कुठे?’ चांगल्या मनानं म्हणाला. दोन महिने मी तिथे नुसती रोशेल होते, बाबा. आता मी पोस्टरवरची बिचारी आहे. मी नाही जाणार तिथं परत.”

“माझ्या मनात काही वाईट नव्हतं,” बाबा म्हणाली.

“मला विचारलं होतंस?”

रोशेलनं स्वेटरची गुंडाळी बाहेर काढली, हातात तोलली आणि परत ठेवली. मग कुलूप लावून, काही न घेता, ती निघून गेली. त्या दिवशी तिनं कुलूप ओढून पाहिलं नाही.

त्यानंतर माझं दार उघडलं नाही. शेजारची दारं रोज वाजायची, किल्ल्या खुळखुळायच्या, जेवणाचा वास यायचा. माझ्यात फक्त तिच्या कपड्यांचा वास होता आणि तोही दिवसेंदिवस विरत चालला होता. भरलेल्या लॉकरइतकं एकटं काही नसतं. रिकाम्याला निदान कुणाची वाट बघायची नसते.

बाबा रोज दुपारी रंग खरवडायची पट्टी घेऊन बाहेर पडायची. थांब्याथांब्यावरून तिनं ती पोस्टरं आपल्या हातांनी काढली. जुन्या ओळखीच्या बसचालकांना रोशेलबद्दल विचारलं. आधी रोज दिसायची, आता दिसत नाही, असंच सगळे सांगत. ती परतायची तेव्हा बोटं लालभडक झालेली असायची.

“बाबा, पोस्टरं अजून महिनाभर राहायची होती,” वॉरन एकदा म्हणाला.

“मुलगीही राहायची होती,” बाबा म्हणाली. वॉरन मान खाली घालून गेला. दुसऱ्या दिवशी तोही एक पट्टी घेऊन तिच्याबरोबर निघालेला मी पाहिला.

पण आमच्याकडे एक नियम होता. एकवीस दिवस लॉकर उघडला नाही, तर कुलूप तोडून तो दुसऱ्याला द्यायचा. नियम दुष्टपणाचा नव्हता. आम्ही थोडे आणि गरजवंत फार. एकविसाव्या दिवशी माझ्यासमोर ओली पिशवी उराशी धरलेली एक मुलगी उभी होती. तिचं नाव तमारा. वॉरनच्या हातात कुलूप तोडायची मोठी कात्री होती.

“हिनं काय करायचं, बाबा?” तो हळूच म्हणाला. “हिलाही थंडी वाजते.”

बाबानं तमाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथलं आपलं कपाट रिकामं करून आली. काखेत एप्रन, हातात लाटणं.

“ही घे किल्ली, तमारा. पीठ सांडलंय आत, तेवढं पुसून घे.” वॉरनला म्हणाली, “एकदा तिला न विचारता केलं. दुसऱ्यांदा नाही करणार. नियम मोडल्याबद्दल मला काढायचं असेल तर काढ.”

वॉरननं कात्री जागेवर ठेवली. त्यानंतर दर बुधवारी बाबा घरून लाटणं घेऊन यायची आणि परत घेऊन जायची.

एप्रिलच्या शेवटी, नदीवरचा बर्फ फुटायच्या दिवसांत, माझ्या कुलपात किल्ली शिरली. गंज चढला होता, दोनदा अडली. दार उघडलं. रोशेल वाळली होती, पण कोट नवा होता. तिनं एकेक वस्तू बाहेर काढली. पाठीमागे बाबा येऊन उभी राहिली.

“तोडलं नाहीस,” रोशेल वळून न पाहता म्हणाली.

“नाही. मी चुकले, रोशेल. मनात काय होतं ते सांगत बसत नाही. चुकले.”

“मी अजून रागावलेली आहे.”

“राहा. किती दिवस ते तू ठरव.”

फाईल पिशवीत गेली, कपडे गेले. मग रोशेल म्हणाली, “ब्रँडन गावात एका बाईच्या सलूनमध्ये मला काम मिळालंय. चारची बस आहे. मी केस बरे कापते, एवढंच तिला माहीत आहे.”

बाबाचे ओठ हलले. काय विचारणार होती ते मला कळलं, रोशेललाही कळलं असावं. ब्रँडनला राहशील कुठे? पण बाबानं तो प्रश्न गिळला. आपल्या पांढऱ्या जटांवर पिठाचा हात फिरवून म्हणाली, “माझं हे रान फार माजलंय. वेळ आहे का तुला?”

रोशेलनं घड्याळ पाहिलं. खुर्ची ओढली. बाबाच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला आणि मशीन सुरू केलं. हसणं नाही, थट्टा नाही. घाईत उजव्या कानावर जरा जास्तच कापलं गेलं. मधेच बाबाचे डोळे मिटले आणि गालांवरून पाणी ओघळलं. रोशेलनं ते टॉवेलच्या कोपऱ्यानं टिपलं, जणू उडालेला केस झटकावा तसं. बाबानं पुढे केलेला पेरोगीचा डबा तिनं घेतला, मिठी मात्र मारली नाही. किल्ली माझ्या कुलपातच ठेवून ती जिना चढून गेली.

आता मी रिकामा आहे. उद्या तमारा तिचं सामान घेऊन येईल आणि बाबाचं लाटणं परत स्वयंपाकघरातल्या कपाटात जाईल. ब्रँडनहून निरोप येईलच असं नाही. आमच्याकडे असंच असतं. ज्याचं बरं चाललंय तो परत येत नाही आणि ज्याचं बिनसलं तोही येत नाही. दोघांची शांतता पत्र्याला सारखीच ऐकू येते.

तुमच्याकडे पाव असेल तर पाव द्या, कोट असेल तर कोट द्या, जागा असेल तर जागा द्या. पण देऊन झाल्यावर घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहू नका. त्याला पाठ फिरवून जाऊ द्या. ती गेली, तेव्हा मी तिन्ही चिरांतून तिची पाठच पाहिली, ताठ होती.