विषारी ठरवलेलं दूध

सकाळचा चहा झाला, भांडी झाली आणि सून मोरीपाशी येऊन उभी राहिली. ऊर दुधानं दाटून आला होता. तिनं दूध वाटीत पिळून काढलं, मोरीत ओतलं आणि नळ सोडला. केर काढावा, तसं हे काम ती आता करत असे. पलीकडच्या खोलीत सासूबाई तिच्या तान्ह्या मुलाला चमच्याने गाईचं दूध पाजत होत्या.

तसा त्यांचा हुकूमच होता. पहिली मुलगी आईचं दूध पिऊन पिवळी पडली, ओकत राहिली आणि गेली. तेव्हापासून घरात ठरून गेलं, हिच्या दुधातच विष आहे. याला दोन दिवस आईनं पाजलं, तो पिवळा दिसू लागला आणि सासूबाईंनी त्याला उचलून नेलं. त्या दुष्ट नव्हत्या. नातवाच्या जिवापोटीच हे चाललं होतं. पण माया आंधळी झाली की तिच्या हातूनही गळा दाबला जातो.

“पुन्हा ओकला,” नणंद बाळाचं तोंड पुसत म्हणाली. “आई, डोळे बघ त्याचे. हळद झालीय नुसती.”

“आईची सावली पडली असेल.”

“आता तर गाईचं चाललंय. मग गायही विषारी का?”

नणंदेनं उत्तराची वाट पाहिली नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि वहिनीचा हात धरून तिनं रुग्णालय गाठलं.

तिथे पिढीजात आजारांवर काम करणाऱ्या एक संशोधक बाई होत्या. खाल्लेलं अन्न शरीराला का पचवता येत नाही, या एका प्रश्नाला त्यांनी आयुष्य वाहिलं होतं. परदेशातली मंडळीही त्यांच्या संशोधनाचा आधार घेत. त्यांनी बाळाचं रक्त तपासायला दिलं आणि अहवालाची वाट न पाहता दूध बंद केलं. आईचं, गाईचं, सगळंच. सोयाबीनच्या पावडरीवर बाळ तगलं. ओकाऱ्या थांबल्या, डोळे निवळले.

घरी सोडायच्या दिवशी अहवाल हाती आला. सुनेचा नवरा आणि सासूबाईही आले होते.

“दुधातली साखर याला पचत नाही,” बाई म्हणाल्या. “ती अंगात साचते आणि घात करते. बहिणीचंही तेच झालं असणार. आईच्या दुधात काही खोट नव्हती.”

सून भिंतीकडे बघत राहिली.

“म्हणजे हिच्या रक्तात खोट,” सासूबाई म्हणाल्या. “तपासा हिचं.”

“दोष आई आणि बाप, दोघांकडून आला तरच मूल असं आजारी पडतं. दोघांचं रक्त घेऊ.”

“माझा मुलगा धडधाकट आहे. दगड पचवील!”

“त्याची बायकोही धडधाकटच आहे, आजी. माझ्या सगळ्या संशोधनात आयांचं रक्त ढीगभर आहे. बापांचं शोधावं लागतं. एकट्या आईला मी आता सुई लावणार नाही.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “मुलगी याच रुग्णालयात गेली, तेव्हाही इथून तुम्हाला निरोप होता ना, दोघं येऊन जा म्हणून?”

सुनेनं पहिल्यांदाच मान वळवली. “कुणाला निरोप?”

नवरा बुटांकडे बघू लागला. “छोटीचं लग्न जुळत होतं,” तो पुटपुटला. “घराण्यात काही निघालं असतं तर... आई म्हणाली, राहू दे.”

“माझ्या लग्नासाठी?” नणंद पुढे झाली. तिनं बाही वर सरकवली. “माझं आधी घ्या.”

“अगं वेडे, ठरलेलं मोडेल!”

“मोडू दे. मोडलेलं लग्न पुन्हा जुळतं, आई. ती पोर काही परत येत नाही.”

सून हळूच बोलली, भाजीचा भाव विचारावा इतक्या सपाट आवाजात. “तेव्हा रक्त दिलं असतं तर याला पहिल्या दिवसापासून दूध पाजलं नसतं ना?”

“नसतं,” बाई म्हणाल्या.

“बरं.”

ती रडली नाही. तिनं बाळ खांद्यावर घेतलं, पावडरीचा डबा पिशवीत टाकला. “मी आईकडे जातेय,” ती नवऱ्याला म्हणाली. “रक्त द्या, मग न्यायला या. द्यायचं नसेल तर येऊ नका.”

“लोक विचारतील तर काय सांगायचं?” सासूबाई म्हणाल्या.

“इतके दिवस माझं नाव सांगत होतात. आता खरं सांगा.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. नवरा उभाच. खोलीत सगळे त्याच्याकडे बघत होते. बायको नव्हती, ती जिना उतरून गेली होती.

ती सुई मुंगी चावल्याइतकी दुखते. तेवढं दुखू नये म्हणून आपल्या घरांनी किती बायांना विषारी ठरवलं, याचा जाब देवापुढे कुणी द्यायचा?