चिखलात गेलेली म्हैस

राधानगरीचा पिराजी लेकीसाठी म्हैस घेऊन टेम्पोनं फोंडा घाट उतरला, ती १९९७ सालची गोष्ट. लेक पूर्णिमा खाडीकाठी दिलेली. गाव म्हणजे लांब लांब पांगलेली पाच-सहा घरं. दुपार कलताना तो पोचला, तेव्हा अंगणापुढं तुडुंब पाणी होतं.

सकाळी न्याहारी करून बाहेर येतो, तर पाणीच नाही! नजर जाईल तिथवर करडा, चकाकता चिखल. एक होडी कलंडून पडलेली.

“पूर्णे, धरणाची दारं कुणी उघडली गं?”

“धरण कुठलं, आबा! ओहोटी हाय. पाणी परत येतंय की.”

“येतंय? खालनं वर?”

पिराजी अजून डोकं खाजवत होता, तोवर म्हैस दावं सोडवून गेली. चिखल दिसल्यावर ती थांबते कशाला? मधल्या ओहळाशी जाऊन पोटापर्यंत रुतली. पिराजी धोतर खोचून मागं धावला आणि गुडघ्याएवढा आत गेला. एक पाय उपसावा, तर दुसरा आणखी खाली. तेवढ्यात पाण्याचा पातळ पदर आवाज न करता त्याच्याभोवती फिरला. कुठून आला, त्याला कळेना.

पूर्णिमानं पडवीतली फळी चिखलावर सरकवली. “आबा, उभं ऱ्हाऊ नगासा! फळीवर पालथं पडा!”

“आणि म्हस?”

“तिला पाणीच काढंल. तुमी आधी या!”

तो सरपटत काठावर आला. पाणी चढत राहिलं. म्हशीची पाठ बुडाली. नाकपुड्या आणि शिंगंच उरली. पिराजीनं डोळे मिटले.

“बघा की आबा!”

चिखलानं म्हैस सोडली होती. वाहत्या पाण्याबरोबर पोहत ती डोंगराच्या बाजूला गेली आणि पलीकडच्या काठावर चढून कान झाडत उभी राहिली. आनंद मानावा की नाही, पिराजीला ठरवता येईना. बुडवणारं पाणी कुठलं आणि तारणारं कुठलं?

म्हशीला आणायला शेजाऱ्याची होडी मिळेपर्यंत बराच वेळ गेला. होडीत तो दोन्ही काठ घट्ट धरून बसला.

“आता ह्ये जातंय का येतंय?”

वल्हं मारत पूर्णिमा म्हणाली, “आता थांबलंय.”

त्यानं वाकून पाहिलं. पाणी खरंच जागेवर उभं होतं.

सांजेला म्हशीनं दूध दिलं, पण निम्मंच. पिराजी आणखी दोन दिवस राहिला. पण बसायचा तो परसात, खाडीकडं पाठ करून.