डाव्या हाताचा अर्ज

चीनच्या बादशहांचा खलिता ग्वांगझू बंदरात पोचला आणि बाजारात हशा पिकला. समुद्रापलीकडच्या राजाने अर्ज करून व्यापाराला नवं बंदर मागितलं होतं, शिवाय राजधानीत आपला वकील ठेवायला जागा. बादशहांनी कळवलं, आमच्याकडे सगळं आहे, तुमचं काही नको, आल्या वाटेने परत जा. खाली आणखी एक ओळ होती. हा अर्ज आमच्या लिपीत ज्याने लिहून दिला किंवा लिहायला शिकवला, त्याचं डोकं उडवा.

म्हणून कचेरीत फान गुरुजींना अक्षर ओळखायला बोलावलं. शहरातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. कोपऱ्यात संशयावरून पकडलेला ताम गुडघ्यांवर बसला होता, मानेत कैद्याची लाकडी फळी. बंदरावर लोकांची पत्रं लिहून पोट भरणारा गरीब माणूस.

"गुरुजी, तुम्ही तरी सांगा हो! मी कसला असलं लिहितोय? माझं अक्षर बघून माझी बायकोसुद्धा नाक मुरडते!"

"गप रे!" अधिकारी खेकसला. "बघा गुरुजी."

गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. रेघांचा कल उलटा होता. डावखुरा हात. इथल्या पोरांची ती खोड पाचव्या वर्षीच मोडतात.

हॉर्नबी! वखारीतला तो तांबड्या दाढीचा कारकून. परक्याला लिपी शिकवणं गुन्हा, म्हणून गुरुजी हातात फाटका जोडा घेऊन, चांभार बनून त्याच्या माडीवर जायचे. तीन हिवाळे गेले. गुरुजींची बायको नुकतीच वारली होती, घर खायला उठायचं. इकडे जिन्यावर पाऊल वाजलं की हा चहा ओतून तयार.

"गुरुजी, आज उजव्या हाताने लिहितो," म्हणायचा आणि कागदभर शाई सांडायचा.

"लिही बाबा डाव्याने! नाहीतर माझी दाढी काळी करशील." मग दोघं पोट धरून हसायचे. तसं हसू गुरुजींच्या वाट्याला पुन्हा आलं नाही. एका वसंतात जहाज गेलं ते गेलंच. आणि आता हा आपल्या राजाच्या पदरी लिहीत होता.

"परक्याला इतकं जमायचं नाही," अधिकारी म्हणाला. "हा तामच. तुम्ही नुसती मान हलवा, की घरी जायला मोकळे."

ताम हुंदके देत होता. गुरुजींनी अर्ज पुन्हा वाचला, वरपासून खालपर्यंत, सावकाश. पोराने फार मेहनत घेतली होती.

"तामला सोडा, सरकार. हे त्या परक्यानेच लिहिलंय."

"काहीतरीच! त्याला शिकवणार कोण?"

"मी," गुरुजी म्हणाले. "आणि खरं सांगू का, असा विद्यार्थी मला या शहरात एकही मिळाला नाही."