जिव्हा आणि जठर

“ते सगळं समजलं, डॉक्टरीणबाई. पण पोट कापल्यावर जिभेचं काय होतं?”

कागदावर जठराची आकृती काढणाऱ्या शल्यचिकित्सक बाईंची पेन्सिल थांबली. हा प्रश्न त्यांना अपरिचित होता. समोरचे स्थूलदेही गृहस्थ चहाच्या पेढीत पारखी होते. चमचाभर कढत चहा मोठ्याने ओढून घ्यावा, टाळूवर खेळवावा आणि न गिळता पिकदाणीत सोडावा, हीच त्यांची आयुष्यभराची उपासना. पेढीतील प्रत्येक मिश्रण त्यांच्या जिभेवरून उतरल्यावाचून बाजारात जात नसे. म्हणून सारे त्यांना पारखीबुवा म्हणत. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीचे निदान मात्र वेगळे होते.

“चहा तेवढा थुंकतात. बाकीचं सगळं गिळतात,” ती म्हणाली.

बाईंनी हसू आवरून पुढचे सांगितले. वजन उतरावे म्हणून जठराचा बराचसा भाग कायमचा काढून टाकायचा, उरेल ती केळ्याएवढी नळी. शिवण क्वचित गळते, पायात धरलेली रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊ शकते, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. परंतु निद्रेत वारंवार खंडित होणारा त्यांचा श्वास पाहता काहीच न करणे हेही निर्धोक नव्हते.

“जिभेचं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. काहींची चव बदलते. कुणाची परत येते, कुणाची नाही.”

“बदलते म्हणजे कशी? आधी कडू जातं की गोड?” बुवांच्या स्वरात भयापेक्षा जिज्ञासाच अधिक होती. इतक्या बारकाईने आजवर कुणी सांगितले नाही, अशी बाईंनी कबुली दिली.

जीभ गेली तर आपल्यात उरेल काय, हा विचार घरी परतताना बुवांना सोडीत नव्हता. तो ओळखूनच पत्नी म्हणाली, “अहो, रात्री तुमचा श्वास अडकला की मी तो परत सुरू व्हायची वाट बघत बसते. जिभेचं पुढं बघू.”

बुवांनी होकार दिला.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, शिवण कुठे गळते का हे पाहण्यासाठी, त्यांना क्ष-किरण यंत्रापुढे उभे करून पांढरट औषधाचा पेला देण्यात आला. बुवांनी घोट घेतला, डोळे मिटून टाळूवर खेळवला आणि जवळच्या तसराळ्यात सोडून दिला. पडद्यावर काहीच उमटेना. तंत्रज्ञ गोंधळला.

“काका, हे गिळायचं असतं.”

ओशाळून त्यांनी दुसरा घोट गिळला. एक शुभ्र रेषा कंठातून निघाली आणि त्या नव्या अरुंद मार्गाने, कुठेही न सांडता, खाली उतरली. घोट पुढे कुठे जातो हे बुवांनी प्रथमच पाहिले; तीर्थाच्या उगमापाशी उभे राहावे तसे ते पाहत राहिले.

पुढे देह हलका झाला. श्वास सुरळीत चालू लागला आणि पत्नीलाही झोप लागू लागली. पण पेढीत परतल्यावर प्रत्येक चहाला लोखंडाची चव येई. बुवांनी काही महिने वाट पाहिली. ऋतू पालटला, चव पालटली नाही. मालक म्हणाले, पूर्वीच्या अंदाजाने सांगत जा, कुणाला कळतंय.

बुवांना ते रुचले नाही. त्यांनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या सहकारिणीला सांगितले, “मी पाठ फिरवतो. तुला वाटतील ते दोन पेले मांड.”

वळून त्यांनी दोन्हींची चव घेतली. डावा अधिक कडक आहे, असे त्यांनी विचारपूर्वक सांगितले. तिने नजर किटलीकडे वळवली.

“संकोच करू नकोस. चुकलं ना?”

“बुवा, दोन्हींत एकाच किटलीतला चहा होता.”

त्यांनी मान डोलावली. मनाशी काही नोंदवून घेत असावेत तसे.

“मग उद्याच्या मिश्रणाचं तूच ठरव. मालकांना मी सांगतो.”

आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली. तिने नव्या पत्तीवर उकळते पाणी ओतले. बुवांनी फळीवरचे वाळूचे घड्याळ काढून उलटे केले आणि तिचा चहा मुरेपर्यंत वाळूकडे पाहत उभे राहिले.