भूतआजी आणि घरचे वाचक

लेखिकाबाईंना मुलं पूर्वी 'भूतमावशी' म्हणायची. पुढे चष्मा जाड झाला, गुडघे कुरकुरायला लागले आणि कुणी न विचारता त्यांना बढती देऊन टाकली. आता त्या 'भूतआजी' होत्या. शाळेत कार्यक्रमाला गेल्या की मुख्याध्यापिका माइकवरून "आपल्या लाडक्या बालसाहित्यिका" असं म्हणत आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास "भूतआजीऽऽ" अशी आरोळी ठोकी. बाई हसून हात हलवत. मनात म्हणत, मेल्यांनो, एखाद्या पुस्तकाचं नाव तरी ओरडा!

तरुणपणी त्या दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायच्या कामाला होत्या. बाहेरच्या बाकड्यावर बसलेली मुलं आतल्या मशीनची घरघर ऐकून भोकाड पसरत. "काही दुखत नाही हं," असं सांगून सांगून बाईंची जीभ झिजली. मुलं काही बुद्दू नसतात. आतली किंकाळी त्यांनाही ऐकू येतेच. एकदा अगदी वैतागून बाईंनी एका रडक्या मुलीला सांगितलं, "डॉक्टरांचं काय घेऊन बसलीस? खरा प्रकार त्या बंद कपाटात आहे." मुलगी गप्प झाली. कपाटात काय आहे ते बाई रचत गेल्या. नंबर लागला तेव्हा मुलगी आपल्या पायांनी आत गेली. फक्त जाताना कपाटाला लांबून वळसा घातला.

तिथून सुरुवात झाली. मोठ्या भीतीसमोर आणखी मोठी पण खोटी भीती उभी केली की मूल ताठ चालतं, हे बाईंना कळलं ते असं. पुढे पुस्तकं आली, आवृत्त्या निघाल्या, पालकांची रागाची पत्रं आली. मुलगा एकटा बाथरूमला जात नाही, याला जबाबदार कोण? बाई उत्तर पाठवत: "दार उघडं ठेवा. सवय होईल."

हे सगळं ठीक होतं. खरं दुखणं घरचं होतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तशातली गत. बाईंची एकुलती एक मुलगी आईच्या पुस्तकांना हात लावत नसे, आणि नात वाचायला लागल्याबरोबर तिनं बजावून ठेवलं होतं, "आई, चिमीला तुझी पुस्तकं द्यायची नाहीत. सांगायचीसुद्धा नाहीत."

"अगं, सगळी दुनिया वाचते!"

"दुनियेला वाचू दे. चिमी नाही."

का, ते मुलगी सांगत नसे. ताकास तूर लागू द्यायची नाही, हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव.

तर अशात मुलीच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं, जावई दवाखान्यात आणि सात वर्षांची चिमी आजीआजोबांकडे. जाताना मुलीनं आणखी एक अट घातली. "तिला सांगितलंय, मी ऑफिसच्या कामाला बाहेरगावी चाललेय. उगाच घाबरवू नका."

"खोटं सांगितलंस?"

"आई, प्लीज. तू यात पडू नकोस."

बाई पडल्या नाहीत. त्यांना पडायला वेळही नव्हता, कारण त्याच आठवड्यात प्रकाशकाकडची नवी संपादिका हात धुऊन त्यांच्या मागे लागली होती. नव्या पुस्तकात जिन्याखाली राहणारी एक बाई होती. तिला दातांच्या दोन रांगा होत्या.

"मॅडम, दात जरा कमी करता येतील का?" संपादिकेचा सकाळी फोन.

"किती कमी?"

"म्हणजे, नसलेच तर?"

बाईंनी नाइलाजानं दात काढले. त्या दवाखान्यात इतकी वर्षं काम केलं होतं, पण दात काढायची वेळ त्यांच्यावर आत्ता आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मॅडम, ती एकटी आहे म्हणून अशी वागते, असं दाखवलं तर? आणि शेवटी मुलं तिला वाढदिवसाला बोलावतात?"

"आणि ती येऊन काय करते?"

"केक खाते!"

"मग मुलांनी घाबरायचं कशाला? केक संपला म्हणून?"

मग संपादिका गोड आवाजात म्हणाली, "विचार करून बघा ना, मॅडम." बाईंनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. आजोबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "खाऊ दे की केक. तुझं काय जातंय?" आजोबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. कुठलीही गोष्ट वर जाते किंवा खाली येते, मध्ये अडकली की बटण दाबायचं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

चिमी मात्र पहिल्या दिवसापासून विचित्र वागत होती. जेवत नव्हती. टीव्ही लावला तर पाठ करून बसायची. बाईंनी तिला सशाची गोष्ट सांगितली, अगदी निरुपद्रवी, गवत, गाजर वगैरे. चिमीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सशाला कापलं का?"

"कापतील कशाला गं?"

"असंच."

मुलीला दवाखान्यात ताप भरला. दोन दिवसांनी घरी सोडणार होते, ते लांबलं. जावई फोनवर म्हणायचा, "काळजीचं कारण नाही." हे वाक्य ऐकलं की बाईंना काळजी वाटायची.

दुपारी बाई गॅलरीत चिमीची नखं कापत होत्या. डाव्या हाताची झाली, उजव्या हाताची निम्मी झाली, तेव्हा चिमी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आजी, त्या लोकांना तोंड नसतं ना?"

"कुठल्या लोकांना?"

"हिरव्या कपड्यातल्या. मी टीव्हीवर बघितलं. नुसते डोळे असतात. ते आईला घेऊन गेलेत आणि तिच्या पोटाला भोकं पाडणार आहेत. तीन."

नेलकटर थांबलं. "कुणी सांगितलं तुला?"

"आजोबा फोनवर बोलत होते. आणि आई ऑफिसच्या कामाला गेली तर तिचा लॅपटॉप घरी कसा? पप्पांनी चार्जिंगला लावला होता." चिमीनं उजवा हात पुढे धरूनच ठेवला होता. "भोकातून सगळं बाहेर येणार. मग ते नुसती वरची आई परत पाठवणार."

तीसेक वर्षं बाई मुलांसाठी भयंकर लिहीत होत्या, पण 'नुसती वरची आई' त्यांच्याच्यानं झालं नसतं. त्यांना एकदम संताप आला. मुलीचा, जावयाचा, आजोबांच्या खणखणीत आवाजाचा. तिला घाबरवू नका म्हणे! सगळ्यांनी तोंडं मिटून घेतल्यावर पोरगी तोंड नसलेली माणसं पाहणार नाही तर काय?

"तीन नाही, चार," बाई म्हणाल्या.

चिमीनं वर पाहिलं.

बाईंनी कागद घेतला, पोट काढलं आणि चार ठिकाणी ठिपके दिले. कुठल्या भोकातून दिवा जातो, कुठून चिमटा जातो, खड्यांची पिशवी कशी ओढून काढतात, सगळं सांगितलं. माणसांना तोंड असतं, फडक्याच्या मागे असतं, आणि शिंक आली तर त्यांची पंचाईत होते. चिमी एकावर एक प्रश्न विचारत होती. खडे केवढे? दुखतं का? मग शेवटी तिनं तो विचारलाच. "मरतं का कुणी?"

"कधीतरी, फार थोडी माणसं. तुझी आई मेलेली नाही. ऑपरेशन झालं. सकाळीच तिनं मला फोनवर झापलं, आजोबांना गोळ्या दिल्यास का म्हणून. मेलेली माणसं झापत नाहीत."

चिमीनं विचार केला. आजोबांच्या ताटातले दोन टोस्ट उचलून खाल्ले आणि खाली खेळायला गेली.

तासाभरात दारावरची बेल वाजली. शेजारीण होती, तिचा मुलगा तिच्या पदराला चिकटलेला. "तुमच्या नातीनं काय सांगितलंय याला? हिरवी माणसं पोटाला चार भोकं पाडून आत दिवा लावतात म्हणे! शर्ट वर करू देत नाहीये!"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या, "चारच." आणि वर शेजारणीला म्हणाल्या, "दिवा बाहेर काढतात, हे सांगायला ती विसरली असेल. तेवढं सांगा त्याला." दार लावून त्या आत आल्या, त्याच झपाट्यात फोन उचलला आणि संपादिकेला सांगून टाकलं, की जिन्याखालच्या बाईचे दात दोन्ही रांगांसकट परत बसवायचे. केक रद्द.

"मॅडम, मग आम्हाला हे पुस्तक करणं अवघड जाईल."

"मग करू नका."

संध्याकाळी खुद्द प्रकाशकांचा फोन आला. ते जुने स्नेही. "अहो बाई, तुम्ही समजून घ्या ना, हल्ली जमाना बदललाय." बाईंनी समजून घेतलं. चारच दिवसांत हस्तलिखित परत आलं, पानोपानी लाल शेरे मारलेलं. पुढे ते एका लहान प्रकाशनानं छापलं. थोड्याच प्रती काढल्या आणि त्याही पैसे जमवून जमवून. असो.

मुलगी दवाखान्यातून थेट आईकडे आली, आठ दिवस आरामाला. चिमीनं पहिलं काय केलं असेल, तर आईचा गाऊन बाजूला करून चार पट्ट्या मोजल्या. मग समाधानानं मान हलवून ती आजोबांबरोबर बागेत गेली.

मुलीनं सोफ्यावरूनच तोफ डागली. "सांगितलंस ना? बजावलं होतं मी तुला!"

"तिनं स्वतःच तुझी गोष्ट रचली होती. माझ्यापेक्षा वाईट. मी फक्त पुरी केली."

"हो, चिमीची बरी पुरी केलीस!" मुलगी इतक्या जोरात म्हणाली, की पोटावर हात धरून तिला थांबावं लागलं. "माझी कधी केली होतीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? रोज निजताना नवी गोष्ट सुरू करायचीस. मी पांघरूण नाकापर्यंत ओढलं, की तुझं काम झालं. 'छान जमतंय' म्हणायचीस, दिवा मालवायचीस आणि शेवट लिहायला दुसऱ्या खोलीत जायचीस. शेवट जगाला. माझ्या वाट्याला नुसता टाकीतला माणूस!"

बाईंना राग आला. "मग छापल्यावर वाचायचं होतंस! पहिली प्रत तुझ्याच हातात द्यायची मी."

"मुखपृष्ठावरच तो होता, आई. कोण उघडणार?"

बाई ताडकन उठल्या. शेवट म्हणे! तरातरा जाऊन त्यांनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरून ते पुस्तक काढलं, कारण खरं सांगायचं तर टाकीतल्या माणसाचं पुढे काय झालं ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. गच्चीवरच्या टाकीत तो राहतो, नळातून घरातल्या माणसांच्या आवाजात बोलतो, एवढं लक्षात होतं. शेवटचं प्रकरण काढून त्या मोठ्यानं वाचू लागल्या. मुलं गच्चीवर जातात, खालची तोटी उघडतात, आणि टाकीतला माणूस पाण्याबरोबर गटारात वाहून जातो.

मुलगी वाट बघत राहिली. "पुढे?"

"संपलं."

"एवढंच? वाहून गेला? याला मी बावीस वर्षं घाबरले?"

"मुलांना फार आवडला होता तो शेवट," बाई फणकारल्या. "पत्रं आली होती."

"माझा याच्यापेक्षा चांगला होता."

"तुझा कुठला?"

मुलगी छताकडे बघत सांगू लागली. "मुलं तोटी उघडतात. टाकी रिकामी होते, पण आत कुणीच नसतं. सगळे हुश्श करतात, घरी येऊन झोपतात. मग आई मुलीला पांघरूण घालायला येते. आवाज आईचाच. बोलणं आईचंच. फक्त केस ओले असतात."

बाईंच्या हातावर काटा आला. आणि मग त्यांना आठवलं. दिवा मालवायला वाकलं की पोरगी रोज हात वर करून त्यांच्या केसांवरून फिरवायची. किती माया करते, असं त्या सगळ्यांना कौतुकानं सांगत असत.

"ते म्हणून होतं?" त्यांनी विचारलं.

"मग तुला काय वाटलं?"

बाई स्टुलावरच बसल्या. "इतका चांगला शेवट! तेव्हाच बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? मी घातला असता की पुस्तकात!"

"बघ, हेच," मुलगी म्हणाली. पण ती हसत होती, आणि हसताना टाके ओढले जात होते म्हणून आईवर चिडतही होती.

"नव्या आवृत्तीत घालू का?"

"नाही. तो माझा आहे." थोड्या वेळानं ती डोळे मिटून म्हणाली, "चिमीला दे पुस्तकं, हवी तर. पण वाचून दाखवायला बसलीस, की शेवटच्या पानाआधी उठायचं नाही. फोन वाजला तरी."

"आणि तुझ्या बापाला चहा हवा असला तर?"

"त्यांना स्वतः करू दे."

बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या स्टुलावरून, गुडघ्यांना आणि घरच्या वाचकांना मनसोक्त शिव्या घालत, उठल्या.